इंटरनेट दूरध्वनी : संगणक कोणताही, संभाषण एकच

जबलपूर आणि दूरध्वनी यांचे नाते जुने आहे. १९४२ साली येथे सुरू झालेले दूरसंचार प्रशिक्षण केंद्र आज भारतरत्न भीमराव आंबेडकर दूरसंचार प्रशिक्षण संस्था या नावाने ओळखले जाते. दूरसंचार अभियंत्यांच्या अनेक पिढ्या येथे घडल्या. त्यांतील बहुतेकांनी पाहिलेली कार्यालयीन दूरध्वनी व्यवस्था म्हणजे भिंतीवरची एक पेटी आणि तिला जोडलेले संच. पेटी ज्या कंपनीची, तिचेच खास संच घ्यावे लागत. इंटरनेट दूरध्वनीने ही अडचण दूर केली, परंतु आपोआप नव्हे.

या तंत्रात आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो व प्रत्येक मोजणी ८ बिटांत नोंदली जाते. म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. हा प्रवाह २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापला की प्रत्येक तुकडा १६० बाइटांचा होतो. त्यावर पत्ता व क्रमांक यांचे ४० बाइट चढतात आणि एका दिशेची गरज ८० किलोबिटांवर जाते. आवाज ८ किलोबिटांपर्यंत आवळला तरी पत्त्याचा भार तेवढाच राहतो व एकूण गरज २४ किलोबिट होते. थोडक्यात, पत्रापेक्षा पाकीटच जड! रुक्ष वाटणारा हा हिशेब जोडणी घेण्यापूर्वी करावा, कारण एकाच वेळी दहा जण बोलू लागल्यास पहिल्या पद्धतीत ८०० किलोबिट केवळ आवाजासाठी लागतात, आणि तेही दोन्ही दिशांना.

एका लहान कार्यालयात लेखापालाकडे विंडोज, अभियंत्याकडे लिनक्स आणि विक्री प्रतिनिधीच्या हाती अँड्रॉइड असतो. या सर्वांना एकत्र आणणारा दुवा म्हणजे ‘सिप’ हा खुला संकेत. त्याचे आजचे मूळ रूप जून २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. घंटा वाजवणे, जोडणे, तोडणे यांची ही सामायिक भाषा होय. ती पाळणारी कोणतीही आज्ञावली कोणत्याही संगणकावरून बोलू शकते. केंद्रस्थानी ‘ॲस्टेरिस्क’सारखी मुक्त आज्ञावली साध्या लिनक्स संगणकावर चालते. ‘वेबआरटीसी’ला जानेवारी २०२१ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली, त्यामुळे आता ब्राउझरही दूरध्वनी होऊ शकतो. मात्र विक्रेता ‘सर्व प्रणालींवर चालते’ असे म्हणतो तेव्हा तो खुल्या संकेताविषयी बोलतो की केवळ स्वतःच्या ॲपविषयी, हे विचारून घ्यावे. दुसऱ्या प्रकारात जुनी पेटीच नव्या वेषात परतते.

कायद्याची वाटचाल सावध होती. १ एप्रिल २००२ पासून भारतात इंटरनेट दूरध्वनीला परवानगी मिळाली. परंतु संगणकावरून देशातील साध्या फोनवर बोलण्यास मनाई होती. २०१८ मध्ये हा मार्ग परवानाधारक सेवादात्यांमार्फत मोकळा झाला आणि भारत संचार निगमने ‘विंग्ज’ सेवा जाहीर केली.

एक उणीव मात्र उरते. तांब्याच्या तारेवरील साध्या फोनला वीज दूरध्वनी केंद्राकडूनच, सुमारे ४८ व्होल्टची, मिळत असे. घरातील दिवे गेले तरी तो चालू राही. इंटरनेट फोनचे तसे नाही. राउटर, स्विच, फायबरची पेटी व मध्यवर्ती संगणक यांपैकी एकही बंद पडला की संभाषण तुटते. म्हणून बॅटरी केवळ संगणकाला नव्हे, या चारही ठिकाणी लावावी लागते.