हातउसन्याचा हिशेब

2024चा अर्थशास्त्राचा इन्फोसिस पुरस्कार स्टॅनफर्डच्या अरुण चंद्रशेखर यांना मिळाला. त्यांचे काम नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूरच्या शेतकऱ्याने आवर्जून समजून घ्यावे असे आहे.

बंगळूरूजवळच्या 75 खेड्यांत त्यांनी अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि मॅथ्यू जॅक्सन यांच्याबरोबर घरोघर विचारले : रॉकेल-तांदूळ कुणाकडून आणता? पन्नास रुपये अडले तर कुणाकडे मागता? देवळात कुणासोबत जाता? त्यातून गावोगावचा नात्यांचा नकाशा तयार झाला. पुढे 43 गावांत बायकांना गटकर्ज देणारी संस्था आली. तिने आधी शिक्षक, दुकानदार, बचत गटाच्या प्रमुख अशा मंडळींना कर्जाविषयी सांगितले. पाणी कुठल्या दांडातून सोडले यावर टोकाचे वाफे भिजणार की नाही हे ठरते, तसेच इथे झाले. ही माणसे नकाशाच्या मध्यावर होती तिथे कर्ज जास्त घरांनी घेतले. शेजारणीने घेतले म्हणून आपणही घ्यायचे, असे मात्र दिसले नाही. माहिती पोचल्यावर जिने तिने आपापला विचार केला. बायका एकमेकींचे बघून कर्ज काढतात म्हणणाऱ्यांना हे चोख उत्तर आहे.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो नंतरचा अभ्यास. नकाशा पुन्हा काढला तेव्हा कर्ज आलेल्या गावांत उसनवारीची नाती विरळ झाली होती, आणि तीही ज्यांना ते कर्ज घ्यायचेच नव्हते अशा घरांची! काहींचे येणे-जाणे कमी झाले की उरलेल्यांच्याही गाठीभेटी आटतात, असे संशोधक सांगतात. हैदराबादच्या वस्त्यांतही हेच आढळले.

अर्धापूरकडे हळदीचे बेणे जूनमध्ये लागते. पैसा हाती येतो तो काढणी, शिजवणी, पॉलिश झाल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडावर. मधले महिने पीककर्ज, अडत्याची उचल आणि भावकीतले हातउसने यांवर निघतात. पहिल्या दोन्हींची वहीत नोंद असते. रात्री दवाखान्याला निघताना शेजाऱ्याने बिनव्याजी हातावर ठेवलेले दोन हजार कुठल्याच वहीत नसतात. गटकर्ज आल्यावर हे हातउसने आटले तरी ते कुठे दिसणार नाही. म्हणून गटकर्जाचे यश नुसत्या वाटपावर आणि वसुलीवर मोजणे मला पटत नाही.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी असा नकाशा अर्धापूर तालुक्यातल्या दहा गावांचा तरी काढावा. त्याला वही लागते आणि दारोदार फिरायची तयारी.