दुखणे गुडघ्याचे नव्हतेच!

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला फुगडीचा आग्रह सुरू झाला की आपल्यातल्या काही जणी हळूच स्वयंपाकघरात जातात. "गुडघा दुखतो गं," म्हणतात. मीही दोन वर्षे हेच सांगत होते. खरे कारण वेगळे होते. धाकट्याच्या बाळंतपणानंतर शिंकले, खोकले, बसमागे धावले की लघवीचे थेंब गळायचे. आईला फोनवर कसेबसे सांगितले. ती म्हणाली, "बायकांना हे असायचंच."

शेवटी जीपीबाईंपुढे विषय काढला. त्या म्हणाल्या, "हे पुष्कळ जणींना होतं, पण सोसत बसायचं कारण नाही." त्यांनी मला फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. फिजिओथेरपी म्हणजे मान आणि कंबर, एवढीच माझी समजूत!

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय यांचा भार ती पेलते. गरोदरपण, बाळंतपण, पाळी जाण्याचा काळ, जुना खोकला, बद्धकोष्ठ यांनी ती सैल पडू शकते. मग लघवी गळते, कुणाला अंग खाली उतरल्यासारखे जड वाटते. व्यायामाने या स्नायूंना बळ येते, हे अमेरिकेतले डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली मांडले. इंग्लंडच्या आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या 'नाइस' या संस्थेच्या २०१९ च्या सूचना स्पष्ट आहेत: खोकताना-शिंकताना लघवी गळत असेल, तर पहिला उपचार म्हणजे तज्ज्ञाच्या देखरेखीखाली किमान तीन महिने हा व्यायाम. शस्त्रक्रियेचा विचार त्यानंतर.

व्यायाम असा: वारा आणि लघवी एकदम रोखून धरल्यासारखे स्नायू आत-वर ओढायचे, काही सेकंद धरायचे, मग पूर्ण सैल सोडायचे. एका वेळी निदान आठदा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडायचा नाही, मांड्या आवळायच्या नाहीत. लघवी करताना मध्येच थांबवून हा सराव करू नये.

मग घरीच का करू नये? मीही तेच विचारले. फिजिओथेरपिस्टबाईंनी तपासले, तेव्हा कळले की मी ओढण्याऐवजी खाली जोर देत होते! काहींचे स्नायू उलट फार ताठ असतात आणि दुखतात. त्यांना आधी सैल सोडायला शिकवतात. म्हणून तपासणी हवी. ती तुमच्या संमतीनेच होते, आणि स्त्री तज्ज्ञ हवी असे सांगता येते. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना इंग्रजीची अडचण असेल, तर दुभाषी मागा. सून-मुलीपुढे त्या मोकळेपणी बोलणार नाहीत. मात्र लघवीत रक्त दिसले, तर व्यायामावर न विसंबता लगेच डॉक्टर गाठावा.

मला फरक जाणवायला तिसरा महिना उजाडला. अजूनही जोराची शिंक आली की जपावे लागते. पण यंदा मी फुगडी घातली. तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी "गुडघा दुखतो" म्हणण्याआधी एकदा जीपींकडे जाऊन या. आणि आईशी, सासूबाईंशीही हा विषय काढा. त्यांना कुणी कधी विचारलेलेच नसते.