‘सीडी’ बाहेर का चालत नाही?

१९७०च्या आसपास बेल लॅब्जमध्ये पीडीपी-७ संगणकावर युनिक्स आकार घेत होतं. त्यात ‘फोर्क’ची सोय नुकतीच आली होती: अवघ्या २७ ओळींचा असेंब्ली कोड. चालू प्रोसेसची हुबेहूब नक्कल करायची आणि कमांड त्या नकलेत चालवायची. सगळं सुरळीत चाललं, फक्त डिरेक्टरी बदलणारी कमांड अचानक चालेनाशी झाली. युनिक्सचे एक निर्माते डेनिस रिची यांनी ही हकिगत पुढे लिहून ठेवली आहे. कोड बारकाईने वाचूनही चूक सापडेना, कारण कमांड आपलं काम चोख करत होती. डिरेक्टरी बदलायची ती नकलेची, आणि काम संपताच नक्कलच नाहीशी व्हायची. मूळ शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, जागचा हललेलाच नसायचा. शेवटी ती कमांड शेलच्या पोटातच घ्यावी लागली. आजची ‘सीडी’ तिथेच आहे.

शेल आपल्या सोयीचा करून घेताना हाच नियम आडवा येतो. एलियस किंवा व्हेरिएबल स्क्रिप्टमध्ये लिहून ती चालवली, तर ते स्क्रिप्टबरोबरच जातात. म्हणून बॅश या शेलची ‘बॅशआरसी’ फाइल बदलल्यावर ती ‘सोर्स’ करायची असते. तेव्हा तिच्या ओळी चालू शेलमध्येच चालतात.

खरी फजिती होते पाइपमध्ये. समजा, फाइलच्या ओळी पाइपने ‘व्हाइल’ लूपला दिल्या आणि आत मोजणी वाढवत नेली. लूप संपल्यावर बॅशमध्ये मोजणी शून्यच दिसते! बॅश पाइपचा प्रत्येक तुकडा सबशेलमध्ये, म्हणजे शेलच्या नकलेत चालवतो. कॉर्न शेल आणि झेडशेल मात्र शेवटचा तुकडा चालू शेलमध्ये ठेवतात, तिथे आकडा बरोबर येतो. २०१९च्या कॅटालिनापासून मॅकवर झेडशेल हाच डीफॉल्ट शेल असल्याने मॅकवर टाइप करून पाहिलेल्या ओळी लिनक्सच्या बॅशमध्ये चुकीचं उत्तर देऊ शकतात, तेही एरर न दाखवता. मला हा सगळ्यात घातक प्रकार वाटतो. बॅश ४.२पासून ‘लास्टपाइप’ हा पर्याय आहे, पण जॉब कंट्रोल बंद असेल तरच तो लागू होतो. त्यापेक्षा पाइप काढून फाइल थेट लूपला जोडणं सरळ.

सबशेलला शत्रू मात्र समजू नका. कंसात लिहिलेल्या कमांड मुद्दाम सबशेलमध्ये चालतात. आत खुशाल डिरेक्टरी बदला, बाहेरचा शेल होता तिथेच राहतो. कंसात ‘सीडी’ करून बघा, मग बाहेर ‘पीडब्ल्यूडी’ विचारा.