अर्धं सूत

निगडी प्राधिकरणातले एक निवृत्त फिटर सोसायटीतल्या मुलांच्या सायकली फुकट दुरुस्त करून देतात, असं ऐकून मी गेले, तर ते काका काहीच करत नव्हते. पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसले होते आणि पान्हा आठवीतल्या मुलीच्या हातात होता. डिझेलचा वास जिन्यापर्यंत येत होता.

"आधी पट्टी लाव."

चेनच्या दोन पिनांमध्ये अर्धा इंच अंतर. एका पिनेवर पट्टीचा शून्य धरला की तिच्यापुढची चोविसावी पीन बरोबर बारा इंचांवर यायला हवी. हिची पुढे गेली होती.

"किती?"

"अर्धं सूत."

म्हणजे इंचाचा सोळावा भाग. "मग बदलायची. पूर्ण सूत होईस्तोवर चालवलीस तर फ्रीव्हीलचे दातही खाते. मग तेही घ्या."

चेन सैल झाली, ताणली, असं आपण म्हणतो. ताणत काही नाही; पिना आणि बुश झिजतात, आणि झिजवते ती तेलात कालवलेली धूळ. त्यात गाडीचं जळकं ऑइल चेनवर ओतायची आपली जुनी खोड. मोशी-चाकण रस्त्यावरून एक फेरी मारली की त्या तेलाचा घासपेपर होतो. काकांची रीत अशी: डिझेलच्या फडक्यानं पुसायची, वाळू द्यायची, प्रत्येक रोलरवर एकच थेंब, पेडल उलटं फिरवायचं आणि वरचं तेल पुसून टाकायचं. घातलेलं तेल पुसायचं, हे मुलीला पटेना.

"तेल आत लागतं गं. बाहेर नुसती माती धरतं. आणि रिमला लागलं तर ब्रेक गेला."

हवा, ब्रेक शू, नट भराभर उरकलं. डाव्या पेडलला मात्र ती घाम येईपर्यंत जोर लावत राहिली. तिथं उलटे आटे असतात. काका बघत बसले, बोलले नाहीत. तिनंच शेवटी पान्हा उलटा फिरवला.

भोसरीपासून चाकणपर्यंत कारखान्यांत मशीन बिघडायच्या आधी बघण्याचे तक्ते टांगलेले असतात, त्यावर सह्या होतात. तिथून घरी आलेला माणूस सायकल गॅलरीत गंजू देतो आणि वर 'हल्ली माल हलका येतो' म्हणतो. मला हे रडगाणं पटत नाही.

तुमच्या सायकलला आज पट्टी लावून बघा. अर्धं सूत किंवा त्याहून जास्त पुढे भरली तर तेल घालत बसू नका, नवी चेन आणा.