रिश्टरचा आकडा माणसं मारत नाही

गैरसमज : आकडा मोठा, म्हणजे हानीही मोठी.

२७ फेब्रुवारी २०१० रोजी चिलीत ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे सव्वापाचशे माणसं दगावली. त्याच्या दीडेक महिना आधी हैतीत ७.० तीव्रतेचा धक्का बसला होता. त्यातली ऊर्जा चिलीच्या जवळपास पाचशेव्या हिश्श्याएवढी, तरी मृतांचे बहुतेक अंदाज लाखाच्या वर जातात. हैतीत केंद्र उथळ आणि राजधानीला खेटून होतं, हे खरंच. पण चिलीने १९६०चा ९.५चा, आजवर नोंदलेला सर्वांत मोठा भूकंप सोसला होता आणि त्यानंतर बांधकामाचे नियम कडक करून ते पाळलेही होते. पोर्त-ओ-प्रँसमध्ये निकृष्ट काँक्रीटचे स्लॅब घरातल्या, कामातल्या माणसांवर आले.

आपल्याकडेही तेच. कोयनेला १९६७ साली सहाच्या वरचा भूकंप झाला, सुमारे १८० माणसं गेली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला धक्का साधारण तेवढाच होता, मृत्यू मात्र दहा हजारांच्या आसपास. गणपती विसर्जन करून गावं गाढ झोपली होती. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि डोक्यावर माळवदाचा मणामणांचा थर. उन्हाळ्यात गारवा देणारं घरच अंगावर आलं.

गैरसमज : ज्वालामुखीचे बळी लाव्ह्यात जळतात.

लाव्हा बहुधा इतका संथ असतो की त्याच्यापुढून चालत निघून जाता येतं. १८१५च्या तांबोरा उद्रेकात बहुतेक माणसं राखेखाली गेलेल्या शेतांमुळे, भुकेने आणि रोगराईने मेली.

कोलंबियातलं आर्मेरो तर नेवादो देल रुइझ या ज्वालामुखीपासून नदीच्या वाटेने सत्तरेक किलोमीटर लांब. १३ नोव्हेंबर १९८५चा उद्रेक तसा किरकोळच. पण शिखरावरचं थोडं बर्फ वितळलं, राख-दगड घेऊन चिखलाचे लोंढे नदीच्या दरीतून उतरले आणि अडीच तासांत गावावर आले. एकूण सुमारे तेवीस हजार बळी. चीड येते ती पुढच्या गोष्टीची : धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार होता, त्यात आर्मेरो दाखवलेलं होतं. गाव वसलं होतं तेच १८४५च्या अशाच चिखलावर. तरी त्या संध्याकाळी लोकांना घरातच थांबायला सांगितलं गेलं.

गैरसमज : त्सुनामीआधी समुद्र मागे हटतोच.

२६ डिसेंबर २००४ला थायलंडच्या किनाऱ्यावर तो हटला. तमिळनाडूत मात्र आधी पाणी चढलं. लाटेला तिथवर यायला दोनेक तास लागले, पण ते तास कळवायला हिंदी महासागरात यंत्रणाच नव्हती. २००७पासून हैदराबादच्या इन्कॉइस या महासागर माहिती केंद्रातून इशारे दिले जातात.

आणि त्सुनामी फक्त पूर्व किनाऱ्याचीच, असं मानणाऱ्या मुंबईकरांसाठी : २८ नोव्हेंबर १९४५ला मकरान किनाऱ्यावरच्या भूकंपाने उठलेली लाट मुंबईपर्यंत आली होती. इथेही माणसं वाहून गेली.