मेंदूतल्या नव्या पेशी आणि दखलीचा हिशेब

'सायन्स' या नियतकालिकात १९६२ साली जोसेफ ऑल्टमन यांचा एक छोटा शोधनिबंध आला. शीर्षकातच प्रश्न होता: प्रौढ सस्तन प्राण्यांच्या मेंदूत नव्या चेतापेशी तयार होतात का? त्या काळी असा प्रश्न विचारणं हाच आगाऊपणा होता. प्रौढ मेंदूत पेशी मरतात, नव्याने जन्मत नाहीत, असं स्पेनच्या रामोन इ काहाल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लिहून ठेवलं होतं. चेताविज्ञानात काहाल यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

अमेरिकेतल्या एमआयटीत काम करणाऱ्या ऑल्टमन यांनी उंदरांना किरणोत्सारी थायमिडीन टोचलं. विभाजनाआधी पेशी आपल्या डीएनएची नक्कल करते, तेव्हा तिला थायमिडीन लागतं. म्हणजे त्यानंतर जी पेशी जन्मेल, तिच्या केंद्रकात हे किरणोत्सारी द्रव्य असणार. मेंदूच्या पातळ कापांवर फोटोचं रसायन चढवून अंधारात ठेवलं, की नेमके तिथेच काळे ठिपके उमटणार. ते उमटले. १९६५ साली गोपाल दास यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी सांगितलं, की स्मरणाशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पसमध्ये जन्मानंतरही नव्या चेतापेशी तयार होत राहतात.

आज या निबंधाचा संदर्भ हजारो संशोधकांनी दिलेला आहे. सुरुवातीची दोन-तीन दशकं मात्र त्याला फारसं कुणी विचारलं नाही. शंका घेणाऱ्यांकडे कारणही होतं. ठिपका एवढंच सांगतो की पेशी नवी आहे; ती चेतापेशी आहे की तिला आधार देणारी ग्लिया पेशी, हे त्या वेळच्या साधनांनी ठामपणे सांगणं अवघड होतं. पण १९७७मध्ये मायकेल कॅप्लन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याच निष्कर्षाला दुजोरा दिला, तरी मत हललं नाही. १९८५मध्ये येल विद्यापीठाच्या पास्को राकिच यांना माकडांच्या मेंदूत नव्या चेतापेशी आढळल्या नाहीत, आणि वाद संपला असंच बहुतेकांनी धरलं. राकिच यांच्या नावाला वजन होतं. ऑल्टमन तोवर पर्ड्यू विद्यापीठात जाऊन, पत्नी शर्ली बेयर यांच्यासोबत मेंदूच्या विकासाचे जाडजूड ॲटलास तयार करण्यात गुंतले होते.

मग वारं फिरलं. फर्नांडो नॉटबोम यांना गाणाऱ्या कॅनरी पक्ष्यांच्या प्रौढ मेंदूत नव्या चेतापेशी सापडल्या होत्याच. १९९२मध्ये रेनॉल्ड्स आणि वाइस यांनी प्रौढ उंदराच्या मेंदूतल्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या आणि त्यांतून चेतापेशीही तयार झाल्या. मेंदूत मूलपेशी आहेत, हे म्हणायला आता आधार मिळाला. १९९८मध्ये पीटर एरिकसन, फ्रेड गेज आणि सहकाऱ्यांनी पाच कर्करुग्णांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले. उपचारांच्या काळात या रुग्णांना नव्या पेशींवर खूण सोडणारं एक द्रव्य दिलेलं होतं. ती खूण हिप्पोकॅम्पसच्या चेतापेशींत सापडली. या निबंधानंतर संदर्भांचा पूर आला, आणि त्या पुराने १९६५च्या निबंधालाही वर आणलं.

अशा संदर्भांवरूनच आता संशोधकही मोजले जातात. त्यासाठी २००५मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी 'एच-इंडेक्स' सुचवला. एखाद्याच्या ४० निबंधांना प्रत्येकी किमान ४० संदर्भ मिळाले असतील, तर त्याचा निर्देशांक ४०. हिशेब सुटसुटीत आहे, आणि निवड समित्यांना सुटसुटीत हिशेब आवडतात. पण दहा हजार संदर्भांचा एक निबंधही यात एकच मोजला जातो. तो किती वर्षं धूळ खात पडला होता, हे तर आकड्याला कळतच नाही. कोणत्या निबंधाचा संदर्भ कुणी दिला याची सूची युजीन गारफील्ड यांनी १९६४मध्ये सुरू केली ती संशोधकांना उपयोगी निबंध सापडावेत म्हणून. माणसांना क्रमांक लावण्याचं काम तिच्याकडे नंतर आलं.

संदर्भ म्हणजे होकारही नव्हे. २०१८च्या मार्चमध्ये 'नेचर'मध्ये निबंध आला: प्रौढ माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी दिसतच नाहीत. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या गटाने लिहिलं की म्हातारपणापर्यंत त्या तयार होत राहतात. दोन्ही निबंधांचे संदर्भ भरभरून दिले गेले, कारण एकाला खोडायचं तर त्याचंही नाव घ्यावंच लागतं. गंमत अशी, की 'नेचर'मधला निबंध आर्तुरो अल्वारेझ-बुइया यांच्या प्रयोगशाळेतला. आणि हेच अल्वारेझ-बुइया २०११चा प्रिन्स ऑफ अस्तुरियास पुरस्कार ऑल्टमन यांच्यासोबत वाटून घेणारे.

आकड्यांचा हा तोटा आपल्याकडेही दिसतो. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) विदिता वैद्य यांचा गट भावना, ताण आणि हिप्पोकॅम्पसमधल्या या नव्या पेशींचं नातं उलगडतो आहे. त्यांच्या कामाला इन्फोसिस पुरस्कारही मिळाला. पण वर्तन आणि पेशी दोन्हींचा माग काढणाऱ्या अशा प्रयोगांना महिनोन्महिने लागतात. त्याच काळात एखाद्या गर्दीच्या विषयात तीन-चार निबंध सहज निघतात. बढतीच्या अर्जात हा फरक दिसत नाही.

आकड्यांची ही मर्यादा ओळखूनच सॅन फ्रान्सिस्कोत २०१२च्या डिसेंबरमध्ये जमलेल्या संपादकांनी आणि प्रकाशकांनी एक जाहीरनामा तयार केला: नियतकालिकाच्या प्रभावांकावरून, म्हणजे त्यातल्या निबंधांना सरासरी किती संदर्भ मिळतात यावरून, माणसाची पारख करू नका, त्याचं काम वाचा. आपल्या विद्यापीठांच्या निवड समित्यांनी उमेदवाराचे निवडक तीनच निबंध मागवावेत आणि ते मुलाखतीआधी खरोखर वाचावेत. ऑल्टमन यांना जपानचं आंतरराष्ट्रीय जीवशास्त्र पारितोषिक मिळालं ते २०१२ साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी.