आकृती तीच, मग काम कुठं अडलं? बीपीएमएन आणि कंपन्यांचं 'आपलं-आपलं'

ज्यांचं ऐकायचं राहून गेलं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलण्यातलं थोडं मागंपुढं केलंय, बाकी तेच आहे.

सुरुवात आमच्या बार्शीटाकळीतून. लग्नपत्रिकेची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन एका डीटीपीवाल्याकडून दुसऱ्याकडे गेलात का कधी? फाइल उघडते, पण नवरदेवाच्या नावाच्या जागी भलतीच चिन्हं. "काऊन बे, हे काय छापलं?" कारण कृतिदेव वेगळा, श्रीलिपी वेगळी. कोणत्या नंबरवर कोणतं अक्षर, हे ज्यानं त्यानं आपलं ठरवलेलं. युनिकोडनं तो घोळ बराचसा मिटवला. आजचा घोळ तसाच आहे, फक्त तो अक्षरांचा नाही, कामाच्या पद्धतीचा आहे.

कामाची पद्धत म्हणजे काय? फेरफार घ्या. शेत विकत घेतलं की तलाठी फेरफाराची नोंद घेतो, संबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस थांबावं लागतं. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. आली तर तक्रारी प्रकरण, वाट वेगळी. आता हे कागदावर काढा. प्रत्येक कामाला एक चौकट, 'हरकत आली का?' ला शंकरपाळ्यासारखा आकार, १५ दिवसांना घड्याळाचा गोल. झाली बीपीएमएनची आकृती!

या चिन्हांची पहिली आवृत्ती २००४ ची. २.० ही आवृत्ती ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपनं जानेवारी २०११ मध्ये आणली आणि २०१३ मध्ये ती आयएसओ १९५१० झाली. २.० मधली मोठी गोष्ट ही, की चित्रासोबत एक एक्सएमएल फाइलही ठरवून दिली. म्हणजे चित्र नुसतं बघायचं नाही, मशीननं ते चालवायचं. आणि एका टूलची फाइल दुसऱ्यात न्यायची.

मग अडतं कुठं? १५ दिवस थांबणं स्टँडर्डमध्ये आहे. फाइलीत 'पी१५डी' लिहिलं की झालं, पी म्हणजे कालावधी, डी म्हणजे दिवस. पण फॉर्म कोणता उघडायचा, मशीनच्या कामासाठी कोणता कोड चालवायचा, तो फसला तर किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा? यातलं बरंच स्टँडर्डनं मोकळं सोडलंय. त्यासाठी फाइलीत 'एक्स्टेन्शन एलिमेंट्स' नावाची अधिकृत जागा आहे. कंपन्या तिथं आपापलं लिहितात. ही चोरी नाही, स्टँडर्डनंच दिलेली मुभा आहे. फक्त दुसरं टूल ते वाचेलच, याची हमी नाही.

नावानिशी सांगतो. कॅमुंडा २०१३ मध्ये आणि फ्लोएबल २०१६ मध्ये, दोन्ही ॲक्टिव्हिटी या एकाच ओपन सोर्स प्रकल्पातून फुटून निघाले. भावाभावांच्या वाटण्या झाल्यासारखं! मूळ एकच, पण पुढची वाढ ज्याची त्याची. बरं, घर एकच असलं तरी सुटका नाही. कॅमुंडा ७ वरून ८ वर जाताना एक्स्टेन्शनचा उपसर्ग बदलतो, अटी लिहायची भाषा बदलते. आकृती जवळपास तशीच राहते, मागचा कोड मात्र बदलावा लागतो.

आता माझी फजिती. एका पतसंस्थेची कर्ज-अर्जाची आकृती मी एका टूलमधून दुसऱ्यात नेली. स्क्रीनवर सगळं जागच्या जागी. 'शाखाधिकारी' असं लिहिलेली आडवी पट्टी, म्हणजे लेनसुद्धा. मी खूश. पण काम कोणाकडे जायचं ही माहिती पहिल्या टूलच्या एक्स्टेन्शनमध्ये होती, ती नव्यानं गुपचूप सोडून दिली. लेनच्या नावावरून काम वाटलं जाईल असं मी धरून चाललो होतो. स्टँडर्डमध्ये लेनला असा ठरलेला अर्थच नाही, तो काढणाऱ्यावर सोडलाय. एका शेतकऱ्याचा अर्ज आठ दिवस कोणाच्याच यादीत नव्हता. दिवस पेरणीच्या तोंडचे. एरर आला असता तर त्याच दिवशी कळलं असतं. काहीच आलं नाही, म्हणून आठ दिवस गेले.

तेव्हापासून मी चार गोष्टी पाळतो.

एक, टूल घ्यायच्या आधीच एक आकृती दुसऱ्या टूलमध्ये नेऊन बघतो. उघडून नाही, चालवून.

दोन, फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडतो आणि कंपनीच्या उपसर्गाच्या ओळी मोजतो. जितक्या ओळी, तितकं पुढं हातानं करायचं काम.

तीन, 'हे काम कोणाचं' हे प्रत्येक चौकटीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये साध्या मराठीत लिहितो. ती जागा स्टँडर्डची आहे. मशीन त्यावरून काम वाटणार नाही, पण पुढच्या माणसाला कळेल.

चार, बदलानंतर पहिला अर्ज शेवटापर्यंत स्वतः पाठलाग करून बघतो.

एक्स्टेन्शन वापरूच नका, असं माझं म्हणणं नाही. त्याच्याशिवाय काम चालत नाही. पण स्टँडर्डचं काय आणि कंपनीचं काय, हे आधी माहीत असू द्या. सामान बांधताना भाड्याच्या घरातलं आपलं कोणतं आणि मालकाचं कोणतं हे ठाऊक असलं, की निघताना भांडण होत नाही.

तुमची एखादी फाइल अशी अडली असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. येतो मग!